मदत हवी आहे: ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांकडे लसीची कार्डंच नाहीत, शाळेने काय करायचं?

साक्री तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. पहिली आणि पाचवीच्या मुलांची लसीकरणाची यादी करायला घेतली, तर निम्म्या घरांत कार्ड नाही. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येते, माणसं पोराबाळांसकट गुजरातेत ऊसतोडीला जातात आणि होळीला नाहीतर थेट आखाजीलाच (अक्षय्य तृतीयेला) गावात दिसतात. फडावरच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, कागद कुठे टिकायचा? एका आईने पत्र्याच्या पेटीतून कार्ड काढून आणलं. दीड महिन्याच्या लसीची तारीख वाचता येते, पुढचं सगळं शाई फुटून निळं झालंय.

वरून तोंडी निरोप आहे की कार्ड नसेल तर पटावर घेऊ नका. हे खरंच नियमात आहे का? आणि कार्ड नसलेल्या मुलाला लस दिली नि ती आधीच झालेली असली तर?

आणखी एक. संमतीपत्राची भाषा अशी आहे की मलाच दोनदा वाचावी लागली. एक बाप सरळ म्हणाला, "पोऱ्याले ताप येस, मंग मनी मजुरी बुडस." त्याचं चुकीचं तरी कसं म्हणू? २०१८च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेलाची मोहीम शाळांतून झाली तेव्हाच्या अफवाही लोक अजून विसरलेले नाहीत.

शिवाय आमच्या एक मॅडम गरोदर आहेत आणि वर्गातल्या एका मुलाच्या अंगावर ताप येऊन पुरळ उठलंय.

पांझराकाठ:
पटावर न घेण्याचा निरोप लेखी मागा, येणार नाही. आरटीई (शिक्षण हक्क) कायद्याच्या कलम १४ प्रमाणे वयाचा दाखला नाही म्हणूनसुद्धा प्रवेश नाकारता येत नाही, मग लसीच्या कार्डाचं काय घेऊन बसलात!

उपकेंद्रवाली:
ताई, आधी मॅडमचं बघा. त्यांना आजच डॉक्टरांकडे पाठवा. रुबेला असेल तर पोटातल्या बाळाला, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, मोठा धोका असतो. गोवर-रुबेलाची लस गरोदरपणात देत नाहीत. टीडी, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची लस, मात्र चालते, ती तपासणीत मिळतेच. त्या मुलाला घरी ठेवायला सांगा आणि आरोग्य केंद्राला लगेच कळवा, अंगावर पुरळ असलेल्या तापाची नोंद आम्हाला करावीच लागते.

आता कार्ड. नाव, जन्मतारीख, आईचं नाव घेऊन आशाताईकडे किंवा आमच्याकडे या, जुन्या रजिस्टरात बऱ्याच नोंदी सापडतात. बाळंतपण माहेरी झालं असेल तर तिकडच्या उपकेंद्रात विचारायचं. कुठेच सापडलं नाही तर लस झालीच नाही असं धरून चालतो. डोस एखादा जास्त झाला तर दंड थोडा जास्त दुखेल, सुजेल, एवढंच. पाच-सहा वर्षांच्यांना डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) दुसरा बूस्टर असतो. सात वर्षं पूर्ण झाली की डीपीटी नाही, टीडी. पाचवीतल्या दहा वर्षांच्यांना टीडी, पुन्हा सोळाव्या वर्षी. गोवर-रुबेला नेहमीच्या वेळापत्रकात पाच वर्षांपर्यंतच, म्हणून घरातल्या धाकट्यांची नावंही यादीत घ्या. शाळेत यायच्या वयाची नाहीत म्हणून तीच सुटतात.

मजुरी बुडायची भीती खरी आहे. डीपीटीनंतर एखाद-दोन दिवस ताप येऊ शकतो. म्हणून सत्र शनिवारी सकाळी ठेवा. आधी खिचडी खाऊ घाला, उपाशी पोरं घाबरून चक्कर येऊन पडतात. टोचल्यावर अर्धा तास वर्गातच बसवा. तापाच्या गोळीचं माप आम्ही सांगू. टोचल्या जागी हळद-चुना लावू देऊ नका.

धागाकर्ती:
मॅडमना दुपारीच पाठवलं, मुलाचं केंद्राला कळवलं. संमतीपत्र आता अहिराणीत मोठ्याने वाचून दाखवणार, अंगठा नंतर. सत्र मुकादमाची गाडी यायच्या आत, दिवाळीच्या सुट्टीआधी मिळेल का?

उपकेंद्रवाली:
मिळेल. मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे द्या, सोबत यादी वयासकट. आणि झालेल्या लसींची तारीख कार्डाबरोबर शाळेच्या वहीतही लिहून ठेवा, तिकडे गुजरातेत कोणी विचारलं तर फोनवर सांगता येईल.