मुलगा घर सोडून गेला आहे; पैसे पाठवत राहावे का?

प्रश्न (एक आई, नाशिक)

माझा मुलगा तेवीस वर्षांचा आहे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी त्याने शिक्षण सोडले, मग गांजाची सवय उघडकीस आली आणि घरात दोन वर्षे रोजचे खटके उडाल्यावर दिवाळीनंतर एका रात्री वडिलांशी भांडून तो बॅग घेऊन निघून गेला. पुण्यात मित्रांच्या खोलीवर राहतो, एवढेच कळले आहे. फोन उचलत नाही. पैसे हवे असले की मेसेज येतो आणि मी यजमानांच्या नकळत पाठवते. दर अठ्ठावीस दिवसांनी त्याच्या मोबाइलचे रिचार्जही मीच करते, कारण तो नंबर बंद पडला तर माझ्या हाती काहीच उरणार नाही. रात्री दोन वाजता उठून तो व्हॉट्सअ‍ॅपवर शेवटचा कधी आला होता ते पाहते, तेव्हा कुठे डोळा लागतो. नातेवाइकांना 'पुण्यात नोकरी करतो' असे सांगितले आहे. पैसे बंद करावेत का? पोलिसांत तक्रार केली तर ते त्याला घरी आणतील का?

उत्तर १ (एक वडील, सांगली)

ताई, आमचा मुलगा दारूपायी गेला होता, म्हणून लिहितो. रिचार्ज बंद करू नका. हातात रोख रक्कम देणे मात्र आम्ही थांबवले आणि खानावळीचे पैसे दरमहा परस्पर मालकाला देऊ लागलो. तो चिडला, नाही नाही ते बोलला, पण जेवायला जात राहिला. दर रविवारी मी एक मेसेज करत असे: पाऊस चांगला झाला, आजीचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नीट पार पडले. 'कधी येतोस' हे त्यात कधीही लिहिले नाही. अकरा रविवार उत्तर आले नाही. बाराव्या रविवारी 'आजीला दिसतंय का?' एवढेच आले. त्यानंतरही दोन वर्षे तो घरी आला नाही, हे लपवत नाही. आणि यजमानांपासून चोरून काही करू नका. किती द्यायचे आणि कशासाठी द्यायचे हे दोघांचे एकदा ठरले नाही, तर मुलगा एकाकडून नकार आला की दुसऱ्याकडे वळतो आणि भांडण तुम्हा दोघांत लागते.

उत्तर २ (सामाजिक कार्यकर्ती, पुणे)

मुलगा सज्ञान आहे. हरवल्याची तक्रार जरूर नोंदवता येते, पण तो सापडल्यावर 'मी स्वखुशीने राहतो' असे म्हणाला, तर पोलीस त्याचा जबाब घेतील. बळजबरीने घरी आणणार नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये व्यसनाशी निगडित मानसिक आजारही येतात, तरीही संमतीशिवाय दाखल करण्यासाठी स्वतःला किंवा इतरांना इजा होण्याचा धोका, अथवा स्वतःची काळजी घेण्याची असमर्थता तज्ज्ञांच्या तपासणीत दिसावी लागते, आणि सुरुवातीची मुदत जास्तीत जास्त ३० दिवसांची असते. 'आम्ही उचलून आणतो' म्हणणाऱ्या खासगी केंद्रांपासून चार हात दूर राहा. त्याने जीव देण्याची भाषा केली, तर वाट न पाहता ११२ वर फोन करा. १४४१६ ही टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची मोफत सेवा चोवीस तास चालते आणि तिथे तुम्ही स्वतःसाठीही बोलू शकता. रात्री दोनला मोबाइल पाहण्यापेक्षा तो नंबर लावा. पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून काम करत आहे. तिथेही चौकशी करा.

एक विचारते. जाण्यापूर्वी तो संशयी झाला होता का, एकटाच बोलत असे का? गांजाचे प्रमाण जास्त असले की सायकोसिसचा, म्हणजे भास-भ्रम होऊन वास्तवाचे भान सुटण्याचा, धोका वाढतो आणि ऐन विशीत सुरू होणारा हा आजार घरच्यांना नुसता उर्मटपणा वाटतो.

प्रश्नकर्ती

त्याने खोलीच्या खिडकीला आतून वर्तमानपत्रे चिकटवली होती. समोरच्या इमारतीतून कोणी पाहते, असे म्हणत असे. आम्हाला ते नशेतले वाटले. तो गेल्यावर दुसऱ्याच दिवशी मी ती पाण्याने भिजवून खरवडून काढली.

उत्तर २

हे सगळे तारखांसह लिहून काढा आणि तुम्ही दोघे मनोविकारतज्ज्ञांकडे जा. पहिल्या भेटीला मुलगा सोबत असलाच पाहिजे असे नाही.