मदत हवी आहे : कंपनीकडून प्रो बोनो (म्हणजे मदत म्हणून फुकट केलेलं) काम घेताना आधी काय ठरवून घ्यावं?

नमस्कार मंडळी, मी एका छोट्या संस्थेचं ऑफिसचं काम बघते. एक आयटी कंपनी आम्हाला देणगीदारांचा डेटाबेस फुकटात बनवून देते म्हणतेय, म्हणजे त्यांचेच लोक ऑफिसच्या वेळात थोडा थोडा वेळ काढून करणार. ऐकायला भारीच आहे, पण मागे एका दुसऱ्या कंपनीने वेबसाइट करायला घेतली होती आणि त्यांचं पैसेवालं काम आलं की आमचं मागे पडायचं, शेवटी ती टीमच बदलली आणि पासवर्ड कोणाकडे आहेत तेही कळेना. फुकट असल्यामुळे तगादा लावायचीही चोरी!

म्हणून यावेळी आधीच लिहून घ्यायचं ठरवलंय. काम नक्की किती, कुठे थांबणार, दोन्हीकडून एकेक जबाबदार माणूस, कोड आणि डेटा कोणाच्या मालकीचा, देणगीदारांची माहिती बाहेर जाणार नाही याची हमी. आणि मुख्य म्हणजे हँडओव्हर, कारण सॉफ्टवेअर फुकट मिळालं तरी होस्टिंग, दुरुस्ती, आमच्या लोकांचं ट्रेनिंग हे सगळं नंतर आमच्याच गळ्यात येणार ना.

तर ज्यांनी असं काम केलंय, कुठल्याही बाजूने, त्यांनी प्लीज सांगा, साधा एमओयू (सामंजस्य करार) पुरतो का वकिलाकडून नीट करार करून घ्यावा? एवढ्या अटी बघून कंपनीवाले बिचकतात का? आणि आम्हाला खरं तर डेटाबेसपेक्षा अकाउंट्समध्ये मदत जास्त हवीय, हे त्यांना वाईट न वाटता कसं सांगायचं? कोणाकडे कराराचा नमुना असेल तर तोही चालेल.