४ इंची नाइकी-स्मोक किट, लेव्हल १ साठी: जोर कुठे लावू?

सोलापुरी_इर्व्हाइन

नमस्कार मंडळी. डी-ई मोटरची (पुढचं अक्षर म्हणजे मोठी मोटर) छोटी रॉकेटं पोराबरोबर भरपूर उडवून झाली, आता मोठ्यात हात घालतोय. नाइकी-स्मोकचं किट घेतलंय: ४ इंची पुठ्ठ्याची नळी, प्लायवुडचे चार फिन (शेपटीचे पंख), प्लास्टिकचं लांबलचक शंकू-नाक, ५४ मिमीचा मोटर माउंट (मोटर बसते ती आतली ट्यूब). कॅलिफोर्नियातल्या ल्युसर्नच्या कोरड्या तलावावर लेव्हल १, म्हणजे मोठ्या मोटरी वापरण्याच्या पहिल्या सर्टिफिकेटची परीक्षा, द्यायची आहे.

फिनवर फायबरग्लासचं कापड चढवू का? ३८ मिमीचा अडॅप्टर लावून एच मोटर घेऊ की सरळ आय? आणि नळीवर देवनागरीत 'थुंबा १९६३' लिहायचं मनात आहे. भारतातून उडालेलं पहिलं रॉकेट नाइकीच होतं ना?

वाळवंटी_काका

शेवटचं आधी घेतो, कारण रंग चढला की सांगून उपयोग नाही. २१ नोव्हेंबर १९६३ ला थुंब्याहून उडालं ते नाइकी-अपाची, दोन टप्प्यांचं. त्याचा खालचा टप्पा नाइकी, वर सडपातळ अपाची. तुमचं नाइकी-स्मोक एकाच टप्प्याचं: तोच नाइकी बूस्टर आणि वर थेट शंकू. बूस्टर मूळचा नाइकी-एजॅक्स क्षेपणास्त्राचा, व्यास साडेसोळा इंच, म्हणजे तुमचं मॉडेल १:४.१ च्या आसपास. नातं आहे, पण चुलत. मजा अशी की काम दोघांचं एकाच जातीचं. थुंब्याच्या रॉकेटनं संध्याकाळी वर सोडियमची वाफ सोडली, तिच्या सरकण्यावरून वरच्या हवेतले वारे मोजायचे. स्मोकच्या नाकात टायटॅनियम टेट्राक्लोराइड असायचं, त्याच्या धुराच्या रेघेचे फोटो काढून खालचे वारे मोजायचे. 'थुंबा' लिहिलंत तर मैदानावरचा एखादा स्केलवेडा (हुबेहूब प्रतिकृतींचा भक्त) तुम्हाला अर्धा तास सोडणार नाही. एखाद्या खऱ्या उड्डाणाचा फोटो शोधा आणि त्याचेच रंग चढवा.

आता कापड. नको. प्लायवुडचे फिन नळीच्या खाचेतून आत जाऊन थेट मोटर ट्यूबला टेकतात, एच मोटरच्या वेगाला तेवढं पुष्कळ आहे. नवखा माणूस शेपटीत इपॉक्सी ओतत सुटतो. मागे वजन वाढलं की गुरुत्वकेंद्र मागे सरकतं आणि रॉकेट अस्थिर होतं, मग ते पुढे आणायला नाकात वजन भरा, मग एकूण वजनासाठी मोटर मोठी घ्या. वरणात पाणी जास्त झालं म्हणून डाळ वाढवत बसण्यातला प्रकार.

जोर लावायचा तो आतल्या सांध्यांवर. मागची सेंटरिंग रिंग (मोटर ट्यूब नळीच्या मधोमध धरणारी कडी) आत्ता चिकटवूच नका, नुसती बसवून फिन सरळ ठेवायला वापरा. फिन वाळले की ती काढा, फिन आणि मोटर ट्यूबच्या कोपऱ्यात आतून इपॉक्सीच्या फिलेट (कोपरा भरणाऱ्या गोलसर पट्ट्या) घाला, नळीच्या आतल्या बाजूलाही, आणि मगच रिंग कायमची बसवा. नळीवरचा गुळगुळीत थर सांध्याच्या जागी सँडपेपरनं घासून काढा, नाहीतर इपॉक्सी कागदाला न धरता त्या चकाकीला धरेल. पाच मिनिटवाली नको, तीस मिनिटवाली घ्या, फिन सरळ करायला वेळ मिळतो.

नाकात वजन भरायचं तर लक्षात ठेवा, असल्या प्लास्टिकला इपॉक्सी नीट धरत नाही. आत दोन-तीन स्क्रू आरपार घुसवून त्यांच्याभोवती ओता. झटक्यानं सुटलेला गोळा नाकातून खाली आला तर पॅराशूटचं काही खरं नाही.

पॅराशूट किटमधलं किती इंची? ४८ असेल आणि रॉकेट सव्वादोन किलो, तर ते सेकंदाला सहा मीटरच्या वर उतरेल. ल्युसर्नला गवत नाही, भाजलेली टणक माती आहे, आणि लेव्हल १ ला रॉकेट धड हातात दाखवावं लागतं. मी ६० इंची लावीन. ३०० मीटरवरून उतरायला मिनिटभर लागेल, वारा असेल तर पायपीट होईल, ती करा.

मोटर एचच. एच१२३ (आकडा सरासरी जोराचा, न्यूटनमध्ये), ३८/२४० च्या केसमध्ये (३८ मिमीचं, मोटरचं धातूचं कवच). भरून अडीच किलो झालं तरी सरासरी जोर वजनाच्या पाचपट राहतो.

कोलोरॅडोकर

काकांच्या मोटरशी थोडा असहमत. पाचपट म्हणजे काठावर. या रॉकेटचे फिन मोठे आहेत, वाऱ्यात ते रेल (उड्डाणाला दिशा देणारी उभी पट्टी) सोडताना हळू असलं की तोंड वाऱ्याकडे फिरवतं आणि तिरकं निघतं. आमच्या कोलोरॅडोतल्या पॉनीच्या गवताळ मैदानावर हे नेहमी दिसतं. त्याच केसमध्ये एच२४२ बसते: एकूण आवेग (जोर गुणिले वेळ) जवळपास तोच, जोर दुप्पट, सेकंदाभरात जळून जाते. लेव्हल १ चं बंधन एच-आय एवढंच आहे, सर्टिफिकेट दोन्हीत तेच. आय घेतलीत तर फक्त उंची वाढेल आणि शोधायला लांब जावं लागेल.

वाळवंटी_काका

वाऱ्याचा दिवस असेल तर कोलोरॅडोकरांचं बरोबर. पण एच१२३ चा पांढरा धूर बघायला मिळतो, आणि हे शेवटी नाइकी-'स्मोक' आहे! सकाळी सात-आठला वारा नसताना उडवा, दुपारी एच२४२.

सोलापुरी_इर्व्हाइन

थुंबा रद्द. बायको म्हणते बरं झालं, अक्षरं तिलाच काढायला लावणार होतो. पॅराशूट ४८ च निघालं, ६० मागवतो. नाक नळीत किती घट्ट असावं? सध्या निघतच नाही.

वाळवंटी_काका

नाक धरून अख्खं रॉकेट उचला. नळी आपोआप खाली सटकू नये, हलका झटका दिला की सटकावी. घट्ट असेल तर नाकाचा खांदा (नळीत जाणारा भाग) सँडपेपरनं घासा, सैल झालाच तर मास्किंग टेपचा एक वेढा. आणि पॅराशूटच्या कप्प्याला ३ मिमीचं भोक पाडा, वर गेल्यावर आतली हवा बाहेर यायला वाट हवी. नाहीतर नाक मोटरच्या चार्जआधीच (पॅराशूट बाहेर काढणारा छोटा स्फोट) उडतं.