पुरात शाळेत निवारा उभारताना मुलं आणि बायकांच्या सुरक्षेसाठी नेमकं काय करावं?

एल_वॉर्ड_मंडळ
मिठी नदीची पातळी वाढली की कुर्ल्याच्या क्रांतीनगरातली कुटुंबं जवळच्या शाळेत हलवावी लागतात. यंदा मंडळ आणि बचत गट मिळून आधीच तयारी करतोय. अंदाज ३०० माणसांचा, एक ते तीन रात्रींचा. जेवण, चटया, ब्लीचिंग, ओआरएस यांची यादी झाली आहे. पण 'महिला व बालसुरक्षा' या मथळ्याखाली एकच ओळ आहे: दारात दोन पोरं उभी करणे. एवढ्यानं भागणार नाही हे कळतंय. संडास किती लागतील, खोल्या कशा वाटायच्या, एकटं सापडलेलं मूल कुणाकडे द्यायचं, आणि कुणी येऊन 'माझ्याशी असं झालं' म्हणालं तर काय करायचं?

पाना_पेचकस
दारातली पोरं बाहेरच्याला अडवतील. पण त्रास देणारा बहुतेक वेळा आतलाच, तोंडओळखीचा असतो. म्हणून पहारा नंतर, आधी इमारत बघा.

संडासापासून सुरुवात करा. आणीबाणीच्या पहिल्या दिवसांसाठी आंतरराष्ट्रीय 'स्फिअर' मानकं ५० माणसांमागे एक संडास धरतात, पुढे २० मागे एक. बायकांना पुरुषांच्या तिप्पट. ३०० माणसांना निदान ६, त्यातले चार-पाच बायकांचे. मुक्काम लांबला तर १५ लागतात, आणि तेवढे शाळेत नसतात. मोबाइल टॉयलेटची मागणी वॉर्ड ऑफिसला पावसाळ्याआधी लेखी द्या. गाडी आली की ती पोरांच्या गप्पांच्या कोपऱ्यात उभी करू नका, नाहीतर संध्याकाळनंतर बायका तिकडे फिरकणार नाहीत, पाणी पिणंच कमी करतील.

आता कड्या. शाळेतल्या संडासांच्या आतल्या कड्या तुटलेल्या असतात आणि बाहेरच्या शाबूत, म्हणजे नेमकं उलटं. ४ इंची टॉवर बोल्ट (सरकत्या कड्या), स्क्रू आणि पेचकस पिशवीत ठेवा. बाहेरची कडी काढून टाका, कुणाला आत कोंडता येता कामा नये. लहान मुलांच्या संडासांची दारं अर्धी असतात, वरून दिसतं. तिथे जाड ताडपत्री ठोका.

पाणी तुंबलं की वीज कंपनी पुरवठा बंद करते. त्यामुळे बॅटरीवर चालणारे एलईडी बल्ब संडासाच्या वाटेवर, जिन्याच्या प्रत्येक वळणावर आणि नळापाशी टांगा. खोलीतला दिवा एकवेळ नसला तरी चालेल, वाटेवरचा हवाच. मोबाइल चार्जिंगची जागा चारचौघांना दिसेल अशी, नोंदणीच्या टेबलाशेजारी ठेवा. ती जिन्याखाली गेली की रात्री तिथे कोण कोण घुटमळतं ते बघाच.

जागेचा हिशेब माणशी साडेतीन चौरस मीटरचा. २० बाय २५ फुटी वर्गात त्यानं १३ माणसं मावतात. मुंबईत तुम्ही २५ कोंबणार हे उघड आहे. मग निदान खडूनं मधली वाट आखा आणि एका कुटुंबाची चटई सलग ठेवा.

सरळ_बोलतो
एवढा घोळ कशाला? बायका-मुलं वरच्या मजल्यावर, पुरुष खाली. विषय संपला.

पाना_पेचकस
@सरळ_बोलतो दादा, कागदावर सुटसुटीत दिसतं. पण बारा वर्षांचा मुलगा आईबरोबर वर की बापाबरोबर खाली? आजारी सासऱ्याला कोण बघणार? पहिल्याच रात्री लोक आपापली जागा बदलतात आणि मग कोण कुठे झोपलंय ते कुणालाच ठाऊक नसतं. कुटुंबं एकत्रच ठेवा. एकट्या बायका, ओल्या बाळंतिणी आणि घरातल्याच माणसाची भीती असलेल्या बायका यांच्यासाठी एक वेगळी खोली, जिन्यापासून आणि बायकांच्या संडासापासून जवळ. तिची किल्ली बाईकडेच. एकट्या पुरुषांची खोली दुसऱ्या टोकाला.

बालहक्क_कट्टा
सगळे रात्रीच्या पहाऱ्याचं बोलताहेत. मुलांसाठी जास्त धोक्याची वेळ पाणी ओसरल्यानंतरची सकाळ. आईबाप घरातला चिखल काढायला, पंचनाम्यासाठी रांगेत उभे राहायला जातात आणि मुलं शाळेत मागे राहतात. आदल्या रात्रीचे पहारेकरी तेव्हा झोपलेले असतात. सकाळी ८ ते दुपारी २ मुलांची खोली चालू हवी. दार उघडं, खिडकीवर कागद नाही, वीस मुलांमागे दोन मोठी माणसं, त्यात एक तरी बाई. अंगणवाडी सेविकेला आधी विचारा, तिला मुलं नावानं माहीत असतात. सोडायला जो आला त्याचं नाव वहीत, न्यायलाही तोच. 'मी काका आहे' एवढ्यावर मूल द्यायचं नाही, काका खरा असला तरी. आणि मुलग्यांना वगळू नका. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात मूल म्हणजे १८ वर्षांखालचं कुणीही.

एकटं मूल सापडलं तर दोन प्रकार ओळखा. पूर्ण एकटं, किंवा आईबापांपासून तुटलेलं पण मावशी-आजीबरोबर असलेलं. दुसऱ्याला त्या नातेवाइकापासून तोडू नका, नोंद मात्र करा. पूर्ण एकट्याची खबर बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ३२ प्रमाणे २४ तासांत द्यावीच लागते: १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन), पोलीस, बालकल्याण समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष. 'आम्हीच सांभाळू, आमच्याकडे बरं आहे' हा चांगल्या मनानं केलेला गुन्हा ठरतो. कुणाच्या घरी पाठवू नका, आश्रमवाले गाडी घेऊन आले तरी देऊ नका. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियानं १६ वर्षांखालच्या मुलांना आचे प्रांताबाहेर नेण्यावर बंदी घातली, २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळनं परदेशी दत्तक थांबवलं, ते याच भीतीनं.

न्यायला कुणी आलं तर आधी मुलाला बाजूला बसवून मोकळा प्रश्न: 'घरी कोण कोण असतं?' 'हे तुझे मामा ना?' असं विचारलंत की घाबरलेलं मूल हो म्हणतं. मग मोठ्याला वेगळं विचारा: शाळा, भावंडं, अंगावरची खूण. उत्तरं जुळली नाहीत किंवा कागद पुरात गेले असतील तर निर्णय तुमचा नाही, पोलीस आणि समितीचा.

ओपीडी_नोंदवही
कुणी येऊन लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं तर काय, त्याबद्दल.

आडोशाला बसा, पण दार बंद करून एकट्यानं नाही. तपशील उकरू नका. 'आत्ता दुखतंय का, आत्ता भीती कुणाची आहे' एवढं पुरे. प्रत्येकानं पुन्हा पुन्हा विचारलं की जबाब बिघडतो आणि वस्तीभर बातमी होते.

१८ खालचं असेल तर 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. पोक्सो २०१२ च्या कलम १९ नुसार कळवणं बंधनकारक आहे, न कळवल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. प्रामाणिकपणे दिलेल्या माहितीबद्दल तुमच्यावर कारवाई होत नाही. मुलाला रात्री चौकीत ठेवता येत नाही, आणि जबाब घेताना पोलीस गणवेशात नसावेत. हे नम्रपणे लक्षात आणून द्या.

प्रौढ बाई असेल तर तक्रार द्यायची की नाही हे तिनं ठरवायचं. रुग्णालय पोलिसांना कळवतं, तरी तिची इच्छा नसेल तर तसा लेखी नकार नोंदवता येतो. उपचार अडत नाहीत. पोलिसांची चिठ्ठी लागत नाही, सरकारी असो वा खासगी, प्रथमोपचार आणि उपचार मोफत. घाई कशाची तर औषधांची: एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, गर्भ राहू नये म्हणूनची गोळी १२० तासांपर्यंत, पण जितकी लवकर तितकी उपयोगी. पाणी तुंबलंय म्हणून उद्यावर ढकलू नका. अंगावरचे कपडे धुऊ नका, ओले असतील तर सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ते कुजतात आणि पुरावा जातो.

बोलायला माणूस हवं असेल तर वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातून सुरू झालेली, हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठीची 'दिलासा' केंद्रं आता पालिकेच्या इतर रुग्णालयांतही आहेत. हे नंबर मार्करनं बायकांच्या संडासाच्या आतल्या भिंतीवर लिहा, सूचनाफलकावर नाही: ११२ (आणीबाणी), १८१ (महिला हेल्पलाइन), १०३ (मुंबई पोलिसांची महिला-मुलांसाठीची), १०९८ (मुलांसाठीची). फलकासमोर उभं राहून नंबर टिपणारी बाई सगळ्यांना दिसते.

एल_वॉर्ड_मंडळ
फारच उपयोगी. दोन शंका. हरवलेल्या मुलांचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकावेत का? आणि वाटपात काय जपायचं?

बालहक्क_कट्टा
ग्रुपवर नाही. फोटोबरोबर 'अमुक शाळेत एकटी आहे' असं गेलं की नको त्यालाही पत्ता कळतो, आणि मूल सापडल्यावरही फोटो वर्षभर फिरत राहतो. फोटो पोलिसांना द्या. दारावर मुलांच्या नावांची यादी नको. चिमुकल्यांच्या खिशात आईचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, पण नाव कपड्यावर बाहेरून लिहू नका. नावानं हाक मारणारा अनोळखी माणूस मुलांना ओळखीचा वाटतो.

पाना_पेचकस
वाटप उजेडात, उघड्यावर, दोघांनी मिळून. कुपन घरातल्या बाईच्या नावानं. 'पॅड संपले, स्टोअर रूममध्ये ये, देतो' हे वाक्य कुणाच्याही तोंडी येता कामा नये, म्हणून पॅड आणि ते गुंडाळून टाकायला जुनी वर्तमानपत्रं बायकांच्या खोलीतच ठेवा, मागावी लागू नयेत. तक्रारपेटी लावू नका, तिच्याजवळ जाताना अख्खी शाळा बघते. त्यापेक्षा दोन बायका नेमा, एक वस्तीतली आणि एक बाहेरची, आणि त्यातली एकही मंडळाच्या पदाधिकाऱ्याच्या घरातली नको.

एल_वॉर्ड_मंडळ
शेवटचं वाक्य कळलं. 😅 रविवारी शाळेत जाऊन कड्या मोजतो.

पाना_पेचकस
जाताना टेप घेऊन जा, दाराची जाडीही मोजा. पातळ दाराला पाऊण इंचापेक्षा मोठा स्क्रू लावलात तर टोक पलीकडे निघतं.