नवा लॅपटॉप आला, आता त्यात काय काय टाकू?

आत्या: लॅपटॉप सुरू झाला एकदाचा. विंडोज 11 आहे. मला लिहायचंय, जुने फोटो स्कॅन करून नीट करायचेत आणि जमलं तर थोडं रेखाटनही करायचंय. तुम्ही सगळे रोज जी ॲप्स वापरता आणि जी तुम्हाला मनापासून आवडतात, ती सांगा. नुसती नावं नकोत, त्यात काय करता तेही लिहा.

धाकटा: आत्या, आधी असं एक सांगतो ज्यासाठी काहीच टाकावं लागत नाही. विंडोजचं बटण आणि व्ही एकत्र दाब. चालू करू का असं विचारेल, हो म्हण. पुढे कॉपी केलेल्या शेवटच्या 25 गोष्टी तिथे दिसत राहतात.

काकू: म्हणजे दुसरं काही कॉपी केलं की पहिलं जातं, तसं होत नाही?

धाकटा: नाही गं आई. पत्ता, पत्राखालचा मजकूर असं जे सारखं लागतं ते पिन करून ठेव. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला की बाकीचं पुसलं जातं, पिन केलेलं राहतं. फक्त पासवर्ड हाताने कॉपी केलास तर तोही त्या यादीत दिसतो, तेवढं सांभाळ.

मी: आत्या, लेखनासाठी माझं मत पक्कं आहे: लिबरऑफिस रायटर. 2010 मध्ये ओपनऑफिसमधून वेगळं निघालं, मोफत आहे, आणि विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं. पण मला ते आवडतं ते मुख्यतः त्याच्या फाइलमुळे. ओडीटी हा त्याचा फाइलप्रकार 2006 पासून आयएसओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय, मानक आहे. ती फाइल आतून कशी असते हे उघडपणे लिहून ठेवलेलं आहे, कुणीही ती वाचणारं ॲप बनवू शकतं. करून बघ: एखाद्या ओडीटी फाइलची प्रत काढ, नावाचा शेवट बदलून झिप कर आणि उघड. आत कंटेंट नावाची फाइल असते, तिच्यात तुझं सगळं लेखन साध्या अक्षरांत दिसतं. उद्या लिबरऑफिस बंद पडलं तरी तुझी कथा कुठे जात नाही.
कुठलंही ॲप घेताना मी आधी हेच बघते. माझं काम त्यातून बाहेर काढता येतं का? दुसऱ्या कशात उघडतं का? दिसायला छान, वापरायला सोपं हे सगळं त्याच्यानंतर.

दादा: हे एकट्याने लिहिणाऱ्याला ठीक आहे. मला रोज चार जणांबरोबर एकाच मजकुरावर काम करायचं असतं. कोणी कुठे काय बदललं, कोणाची टिप्पणी कुठे, हे गूगल डॉक्समध्ये जितकं सहज होतं तितकं फाइल इकडून तिकडे पाठवून कधीच होत नाही. शेवटी 'अंतिम', 'अंतिम नवीन', 'खरंच अंतिम' अशा फायली साठतात.

मी: एकत्र लिहायचं असेल तर मीही तेच वापरते, त्यात वाद नाही. पण एक बघ. गूगल ड्राइव्ह कॉम्प्युटरवर जोडलं की डॉक्सच्या फायली फोल्डरमध्ये दिसतात, पण त्या फायलींत मजकूर नसतोच, फक्त दुवा असतो. पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेवल्या आणि खातं बंद झालं, तर हातात काही उरत नाही. म्हणून काम संपलं की डाउनलोडमधून ओडीटी किंवा डॉक्सएक्स काढून घ्यायचं. सगळं एकदम हवं असेल तर खात्यातलं सगळं उतरवून देणारं गूगलचंच टेकआउट आहे.

दादा: हे बरोबर आहे. माझ्या नोंदींच्या एका ॲपचं असंच झालं होतं. ती सेवा बंद झाली. मजकूर कसाबसा मिळाला, पण नोंदींमधली चित्रं आणि एका नोंदीतून दुसरीकडे जाणारे दुवे गेले. तेव्हापासून नोंदी ऑब्सिडियन या ॲपमध्ये. त्यातली प्रत्येक नोंद म्हणजे आपल्याच डिस्कवरची साधी मजकुराची फाइल, मार्कडाउनमध्ये लिहिलेली, म्हणजे शीर्षक, ठळक अक्षरं वगैरे साध्या चिन्हांनी दाखवलेली. नोटपॅडमध्येसुद्धा उघडते. दुहेरी चौकटी कंसांत दुसऱ्या नोंदीचं नाव लिहिलं की दुवा तयार, आणि त्या नोंदीकडे कुठून कुठून बोट दाखवलंय हेही दिसतं. आत्या, कथेतली पात्रं, गावं, प्रसंग यांच्या नोंदी अशा जोडल्यास तर तुला फार उपयोग होईल.

आत्या: हे पात्रांचं आवडलं. माझ्या वहीत कोण कोणाचा कोण हेच शोधत बसते मी.

काका: ताई, माझं आवडतं ॲप एकच, आवाज रेकॉर्ड करून सुधारायचं ऑडॅसिटी. आईच्या आवाजातल्या जुन्या कॅसेट मी त्यातच उतरवतोय.

आत्या: आईच्या कॅसेट? अरे, त्या अजून वाजतात?

काका: वाजतात. खरखर आहे, पण आवाज स्पष्ट ऐकू येतो. टेपरेकॉर्डरचं हेड आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतलं, त्यानेच निम्मा फरक पडला. लॅपटॉपला बहुधा हेडफोनचं एकच भोक असतं, त्यात बाहेरून फक्त माइक चालतो आणि तोही मोनो, म्हणजे डावा-उजवा आवाज वेगळा येत नाही. म्हणून लाइन-इन, म्हणजे टेपरेकॉर्डरसारख्या यंत्राचा आवाज आत घ्यायचं भोक, असलेला छोटा यूएसबी अडॅप्टर लागतो. रेकॉर्ड करताना आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी सर्वात मोठ्या आवाजालाही उणे 6 डेसिबलच्या आसपास राहील अशी ठेवायची. शून्याला टेकली की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर धडपणे सुधारत नाही. कमी आवाज मात्र नंतर वाढवता येतो.

मी: काका, खरखर कशी काढता?

काका: कॅसेटच्या सुरुवातीला बोलणं सुरू होण्याआधी नुसती फीत फिरत असते ना, ते दोन-तीन सेकंद निवडायचे. नॉइज रिडक्शनमध्ये जाऊन तो नमुना त्याला द्यायचा. मग सगळं ध्वनिमुद्रण निवडून तेच पुन्हा चालवायचं. नमुन्यातली खरखर कोणत्या कंपनांवर किती आहे हे त्याला कळलेलं असतं, तेवढ्या ठिकाणी तो आवाज खाली दाबतो. इथे हाव करायची नाही. मी 6 ते 12 डेसिबलच्या आतच राहतो. त्याच्या पुढे गेलं की आई पाण्याखालून बोलल्यासारखी वाटते. थोडी खरखर राहू द्यावी, पण तिचा आवाज तिचाच राहायला हवा.

वहिनी: काका, हे ठेवता कशात? एमपी3?

काका: ऐकायला पाठवायचं ते एमपी3. जपायचं ते फ्लॅक. साध्या वेव फाइलला सीडीच्या दर्जाने एका तासाला सुमारे 635 एमबी लागतात. फ्लॅक ती बरीच लहान करतं आणि तरी काहीच गाळत नाही, उलगडली की मूळचा आकडा न आकडा परत मिळतो. एमपी3 मात्र जे कानाला सहसा कळत नाही ते कायमचं टाकून देतं. आणि स्वच्छ न केलेलं मूळ मुद्रणही मी वेगळं ठेवलंय. पुढे याहून चांगली पद्धत आली तर ती मूळ मुद्रणावरच चालवता येईल.

मी: आत्या, फोटोंनाही अगदी हेच लागू आहे. स्कॅन 600 डीपीआयने, म्हणजे एका इंचात 600 ठिपके, असं कर. चार बाय सहा इंचाचा फोटो मग 2400 बाय 3600 पिक्सेलचा येतो, छापायलाही पुरतो. तो टिफ या फाइलप्रकारात ठेव आणि त्या फाइलला हात लावू नकोस. दुरुस्ती करायची ती तिच्या प्रतीवर, गिंप या फोटो सुधारायच्या ॲपमध्ये. ओरखडे आणि डाग यांच्यासाठी हील टूल. डागाशेजारची चांगली जागा कंट्रोल दाबून निवडायची आणि डागावर फिरवायचं. ते पोत तिथला घेतं, पण रंग आणि उजेड डागाच्या आसपासचा जुळवतं, म्हणून चेहऱ्यावर ठिगळ दिसत नाही. पिवळट फिके फोटो लेव्हल्सने, म्हणजे उजेड-काळोख जुळवायच्या सोयीने, खुलतात. गिंप 3.0 मार्च 2025 मध्ये आलं, त्यात फिल्टर लेयरवर (चित्राच्या थरावर) तसाच राहतो, नंतर बदलता किंवा काढता येतो. जुनी आवृत्ती कोणी दिली तर घेऊ नकोस, नवीच टाक.

आत्या: जेपीजीमध्ये ठेवलं तर काय बिघडतं? फोनमध्ये सगळे तेच असतात.

मी: बघायला आणि पाठवायला चालतं. पण उघडून, बदलून, पुन्हा जतन केलं की दर वेळी थोडा तपशील जातो. काम चालू असेपर्यंत गिंपची स्वतःची एक्ससीएफ फाइल ठेव, झालं की त्यातून जेपीजी एक्सपोर्ट कर.

वहिनी: आत्या, रेखाटनाचं मी सांगते, कारण माझा रोजचा वेळ त्यातच जातो. रंगवायचं असेल तर कृता. त्यात ब्रशला स्टॅबिलायझर लावता येतो, हात थरथरला तरी रेघ सलग येते. मला सर्वात आवडतं ते डब्ल्यू दाबलं की काय होतं ते! चित्राचा उजवा काठ डाव्याला आणि वरचा खालच्याला जोडला जातो, एका काठावर काढलेलं पान समोरच्या काठावरून आत येतं. नक्षी कितीही जोडत नेली तरी सांधा दिसत नाही. मी तासन् तास नुसत्या वेली काढत बसते.
बोधचिन्ह, मुखपृष्ठावरची अक्षरं, नकाशा असं काही असेल तर इंकस्केप. त्यात रेघ पिक्सेलची नसते, गणिताने काढलेली असते. पोस्टाच्या तिकिटाएवढं केलं काय आणि भिंतीएवढं केलं काय, कडा फाटत नाही. कागदावर पेनने काढलेलं रेखाटन स्कॅन करून त्यातली ट्रेस बिटमॅप ही आज्ञा चालवलीत तर तुमच्या हाताची रेघ तशीच त्यात उतरते. आणि काम दुसरीकडे उघडतं का या मघाच्या कसोटीला उतरणारी गोष्ट: त्याची फाइल एसव्हीजी. तेही खुलं मानक, कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडतं.

काकू: मला एवढं मोठं काही शिकायचं नाही. एकाच चित्रात दोन-चार बदल करायचे असतील तर?

वहिनी: काकू, मग ब्राउझरमध्ये फोटोपी उघडा. टाकावं काहीच लागत नाही आणि फोटोशॉपच्या पीएसडी फायलीसुद्धा उघडतात.

धाकटा: ताई, आत्या मराठीत लिहिणार, ते कशात टाइप करणार हे कुणी सांगितलंच नाही. आत्या, विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड असतोच, भाषेच्या सेटिंगमधून चालू कर. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, डी वर हलंत. 'दुसऱ्या'मधला र हवा असेल तर शिफ्ट आणि जे, मग डी, मग य.

आत्या: मी इंग्रजी अक्षरांतून टाइप करते, ते चालणार नाही का?

धाकटा: चालेल की. कसंही टाइप केलंस तरी युनिकोडमध्येच, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या एकाच पद्धतीत, उमटतंय ना, एवढं बघ. जुन्या फॉन्टमधलं लेखन तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडलं की नुसती चिन्हं दिसतात, शोधताही येत नाही. युनिकोडमधलं कुठेही वाचता येतं.

मी: हे फार महत्त्वाचं बोललास. आत्या, तुझ्या जुन्या कथा तशा फॉन्टमध्ये असतील तर मला पाठव, मी त्या युनिकोडमध्ये करून देते.

आत्या: आहेत बऱ्याच. पाठवते. आणि पासवर्डचं काय? माझे डायरीत आहेत.

दादा: कीपासएक्ससी. सगळे पासवर्ड एका कुलूपबंद फाइलमध्ये, तुझ्याच डिस्कवर. एक मुख्य पासवर्ड लक्षात ठेवायचा. तो विसरलीस तर कुणीही उघडून देऊ शकत नाही, म्हणून तेवढा एक कागदावर लिहून घरात जपून ठेव. बाकी डायरी हळूहळू त्यात उतरव.

धाकटा: आणि एव्हरीथिंग हे फाइल शोधायचं ॲप टाक. फाइलच्या नावातली दोन-तीन अक्षरं टाइप केलीस की डिस्कवर कुठेही असलेली फाइल लगेच समोर येते. विंडोज डिस्कवर फायलींच्या नावांचं जे एक कोष्टक ठेवतं तेच ते थेट वाचतं, म्हणून इतकं वेगवान.

आत्या: बरं, आज लिबरऑफिस, गिंप आणि कृता टाकते. ऑब्सिडियन कथेला हात घातल्यावर. वहिनीबाई, कृताला ते दाबाचं पेन लागतंच का?

वहिनी: लागतंच असं नाही, पण माउसने रेघेची जाडी हाताच्या जोरावर बदलत नाही. आधी माउसने स्टॅबिलायझर लावून बाह्यरेखा काढून बघा. गोडी लागली तर साधी पेन टॅबलेट घ्या, पडद्याची महागडी लगेच नको. माझी जुनी पडूनच आहे, रविवारी घेऊन येते.

काका: ताई, रविवारी मीही येतो, कॅसेटच्या फ्लॅक फायली तुझ्या लॅपटॉपवर टाकायला. साधारण 20 जीबी जागा मोकळी ठेव.