दोन लेन्स की एकच झूम? यात्रेतला भंडारा विसरू नका

कॅमेऱ्यासाठी १८-५५ आणि ५५-२५० मिमी (आकडा जितका मोठा, तितकं दूरचं जवळ दिसतं) अशी दोन लेन्सची जोडी घेतली तर फोटो जास्त स्पष्ट येतात, एकाच १८-१३५ झूममध्ये तडजोड होते, असं बरेचदा सांगितलं जातं. टेबलावर ठेवून तपासलं तर खरं आहे. पण लेन्स बदलायची कुठे, हा प्रश्न कुणी विचारलेला दिसत नाही. मराठवाड्यात रोज फोटो काढणाऱ्याला तो आधी पडतो. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांच्या टापांनी माती उडत असते आणि वरून भंडारा उधळला जातो. त्या हळदीत कॅमेरा उघडणं म्हणजे सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या आतल्या पट्टीवर, डाग ओढवून घेणं. लेन्सचं छिद्र मोठं असताना, एफ/४ ला, ते जाणवतही नाहीत; छिद्र बारीक करून एफ/११ ला मोकळं आभाळ टिपलं की ठिपके उठून दिसतात. शिवाय ५५ मिमीच्या अलीकडे-पलीकडेच तर सगळं घडतं: घोड्याचे दात बघणारा गिऱ्हाईक, त्याच्या मागे उभी गर्दी. तिथे मला १८-१३५ च हवी.

तिची खरी अडचण अजिंठ्यात कळते. लेण्यांत अंधार आणि फ्लॅशला बंदी. स्टॅबिलायझर हाताचा कंप सांभाळतो, त्यामुळे शटर जास्त वेळ उघडं ठेवूनही भिंतीवरचं चित्र नीट निघतं, पण समोर चालणारा माणूस पुसटच येतो. म्हणून ५५-२५० चे पैसे वाचवून त्यात ५० मिमी एफ/१.८ लेन्स घ्या; तिचं छिद्र मोठं उघडतं, उजेड जास्त येतो, म्हणून शटर लवकर मिटवता येतं. तीही लेण्याबाहेर, बॅगेच्या आडोशाला, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरूनच लावा.