नववीतली ऑटिस्टिक लेक शाळेत जाऊच शकत नाहीये. अनुभवी पालकांनी सल्ला द्या

पावसाळी :
लेक 14 वर्षांची, नववीत. ऑटिझमचं निदान सातवीत झालं, म्हणजे बरंच उशिरा. तोवर सगळे म्हणायचे हुशार आहे, जरा लाजाळू आहे. आठवीपर्यंत दुपारची शाळा होती. यंदा जूनपासून सकाळची झाली, तुकड्या बदलल्या, पहिलीपासून शेजारी बसणारी मैत्रीण दुसऱ्या तुकडीत गेली आणि वर्गात आता साठाच्या वर मुलं. जुलैत पोटदुखी सुरू झाली. सोनोग्राफी, रक्त, लघवी सगळं नॉर्मल. गणपतीनंतर शाळा पूर्ण बंद.

रोज उठते. दप्तर रात्रीच भरलेलं असतं. गणवेश घालते, मोज्याची शिवण बोटांवर आली की काढून पुन्हा घालते. दारापर्यंत येते आणि तिथेच खिळते. तोंडातून शब्द निघत नाही. खाली व्हॅनवाल्या काकांनी हॉर्न दिला की कान दाबून खाली बसते. दहाच्या सुमारास बोलायला लागते आणि मग रडते, "मला जायचंय गं आई, पण जमत नाही."

शाळेकडून हजेरीबद्दल पत्र आलंय. सासूबाईंच्या मते सगळे लाड आहेत. आम्ही दोघेही नोकरी करतो. कुणाला दाखवायचं, शाळेशी काय बोलायचं आणि दहावीचं काय, या तिन्हींबद्दल सांगा. पिंपरीत राहतो.

दीडशहाणा :
मोबाईल काढून घ्या आणि आठवडाभर स्वतः नेऊन वर्गात बसवा. आमच्या वेळी पोटदुखीवर हाच उपाय होता. आपोआप सवय होते.

गवतीचहा :
दीडशहाणे, शाळा बुडवून सिनेमाला जाणाऱ्या पोराला हे लागू पडेल. ही मुलगी दप्तर भरून दारात उभी राहतेय.

पावसाळी ताई, आमचा मुलगा याच वयात यातून गेला, आता बारावीत आहे. आधी सकाळची ओढाताण थांबवा. "काही दिवस शाळा नाही, उद्या सकाळी कुणी विचारणार नाही" असं तिला स्पष्ट सांगा आणि खरंच विचारू नका. रोज सकाळी ती घाबरणार आणि तुम्ही समजूत काढणार, हे चालू राहिलं तर भीती घरातही शिरते.

मग शोधायचं की शाळेतलं नक्की काय झेपत नाही. "का जात नाहीस?" याचं उत्तर या मुलांना बहुतेक वेळा देता येत नाही. आमच्या थेरपिस्टने जुन्या लग्नपत्रिका कापून चिठ्ठ्या करायला लावल्या. एकेका चिठ्ठीवर शाळेच्या दिवसातली एकेक गोष्ट : व्हॅन, जिना, परिपाठ, बाक, मधली सुट्टी, स्वच्छतागृह, पीटी, प्रत्येक विषय, प्रत्येक शिक्षक. मुलाने त्यावर लाल, पिवळ्या, हिरव्या स्केचपेनने टिंब द्यायचं. बोलायचं नाही, समजावायचं नाही. आम्ही गणिताच्या सरांना धरून बसलो होतो, ते निघाले हिरवे. लाल होतं स्वच्छतागृह. कडी नाही, वास, आणि मधल्या सुट्टीतली ढकलाढकली. तिथे जावं लागू नये म्हणून पोरगा दिवसभर पाणीच प्यायचा नाही. शाळेने शिक्षकांचं स्वच्छतागृह वापरू दिलं आणि निम्मा प्रश्न तिथेच सुटला.

डॉक्टरांचं म्हणाल तर बालमानसोपचारतज्ज्ञ आणि ऑटिझमचा अनुभव असलेला थेरपिस्ट, दोन्ही लागतात. फोनवरच विचारा, "ऑटिस्टिक मुलांसाठी सीबीटीमध्ये तुम्ही काय बदलता?" (सीबीटी म्हणजे विचार आणि वागणं हळूहळू बदलायची बोलण्यातली थेरपी.) चित्रं वापरतो, लिहून घेतो, सत्र लहान ठेवतो असं काही आलं तर जा. "सगळ्यांना सारखंच" म्हणाले तर पुढचा नंबर फिरवा. भीतीला थोडं थोडं सामोरं जाणं बरोबरच, पण आधी लाल टिंबं कमी करायची, मग पायऱ्या. गोंगाटाची सवय लागत नाही हो, पोर फक्त सोसायला शिकतं. चिंतेवर गोळ्या द्यायच्या झाल्या तर अगदी कमी डोसपासून सुरू करतात. लगेच नाही म्हणू नका, ऐकून तरी घ्या.

आणि "मी नसते तर बरं झालं असतं" अशा अर्थाचं काही बोलली तर अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

खडूफळा :
मी माध्यमिक शिक्षिका, म्हणून शाळेच्या बाजूने सांगते. वर्गशिक्षिकेशी फाटकात बोलून काही होत नाही. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, निदानाचा कागद जोडा, पोच घ्या. "समजून घ्या" असं मोघम लिहू नका, नेमकं मागा. परिपाठ आणि जिन्यावरची गर्दी टाळून दहा मिनिटं उशिरा येऊ द्यावं. दाराजवळचा बाक. अचानक उभं करून प्रश्न विचारू नये. न विचारता वर्गाबाहेर जाण्यासाठी एक कार्ड, आणि बाहेर गेल्यावर बसायची ठरलेली जागा. ग्रंथालय उत्तम, समुपदेशकांची खोली बहुतेक शाळांत कुलूपबंदच असते.

आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचा हवाला देऊ नका, तो आठवीपर्यंतच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं नाव घ्या. त्यात ऑटिझम आहे, आणि विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे सोयी करून देणं हे शाळेचं काम म्हणून लिहिलेलं आहे. भांडायला नको, अर्जात एक ओळ पुरते.

एक मात्र नक्की, रागाच्या भरात दाखला काढू नका. नाव पटावर असू द्या, अर्धी वाट मोकळी राहते.

कातळफूल :
मी स्वतः ऑटिस्टिक आहे, निदान नोकरी लागल्यावर झालं. दीडशहाणे यांच्या पद्धतीने मला शाळेत बसवलं होतं. बसले, मार्कही मिळाले. घरी आल्यावर कपाटामागच्या फटीत तासन्‌तास पडून असायचे, ते शाळेला कधी दिसलं नाही. पावसाळी ताई, तुमच्या हुशार लेकीचे मार्कही अशीच सगळी ताकद खर्चून आलेले असू शकतात.

ती घरी आहे म्हणून मजेत आहे असं समजू नका. पहिले काही आठवडे ती झोपेल, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करेल. करू द्या. तापातल्या पोराला आपण पाढे म्हणायला लावत नाही. तिला ज्याचं वेड आहे ते वेळ वाया घालवणं म्हणून बघू नका, बहुधा तिथूनच ती परत बोलायला लागेल. महत्त्वाचं काही विचारायचं असेल तर समोर बसवून विचारू नका. दुसऱ्या खोलीतून व्हॉट्सअॅप करा आणि उत्तराला वेळ द्या.

आजींना वादात जिंकायचा प्रयत्न करू नका. त्यांना एखादं काम द्या. माझी आजी माझ्याशेजारी न बोलता शेंगा सोलत बसायची. तेवढं पुरायचं.

कागदीघोडा :
आता रुक्ष भाग. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, यासाठी सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा, रुग्णालय तिथेच निवडता येतं. तपासणीत ऑटिझम किती आहे हे मोजणारी आयएसएए नावाची मोजपट्टी वापरतात. बहुतेक सवलतींना किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. प्रमाणपत्र असेल तर दहावीला तासाला 20 मिनिटं जादा वेळ, गरजेप्रमाणे लेखनिक वगैरे मिळतं. प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो, म्हणून नववीतच हालचाल करा.

शाळा अजिबात जमली नाही तर दोन वाटा. एक, फॉर्म नंबर 17 भरून राज्य मंडळाची दहावी बाहेरून. दुसरी, एनआयओएस, म्हणजे केंद्र सरकारची मुक्त शाळा. त्यात वयाची 14 वर्षं पुरी लागतात, पाच विषय, गणित सक्तीचं नाही, चित्रकला किंवा गृहविज्ञानही घेता येतं. नोंदणी पाच वर्षं चालते, त्यात नऊ वेळा परीक्षेला बसता येतं, एकेक विषय सोडवला तरी चालतो. आमच्या मुलीने हेच केलं. नातेवाईकांना "बाहेरून बसतेय" एवढंच सांगितलं.

नॅशनल ट्रस्ट या दिव्यांगांसाठीच्या सरकारी संस्थेचा निरामय आरोग्य विमाही बघा. वर्षाला एक लाखापर्यंत, आणि थेरपीचा खर्चही त्यात बसतो.

पावसाळी :
सगळ्यांचे आभार. चिठ्ठ्या केल्या. पीटीची शिट्टी, जिना आणि मधली सुट्टी लाल. जीवशास्त्र आणि ग्रंथालय हिरवं. एक चिठ्ठी तिने स्वतःहून वाढवली, "बाक बदलतात तो दिवस". दर सोमवारी बाक बदलतात हे आम्हाला माहीतच नव्हतं. तिला मुंग्यांचं वेड आहे, गॅलरीतल्या कुंडीतल्या मुंग्यांची वही ठेवते. सध्या वही आणि झोप, एवढंच चाललंय.

मुख्याध्यापकांना अर्ज दिला. परिपाठ आणि बाक मान्य. बाहेर जायच्या कार्डावर "मग सगळेच मागतील" म्हणाले. ग्रंथालयात आठवड्यातून दोनदा तासभर बसायला हरकत नाही म्हणाले, ती "बघते" म्हणालीय. सासूबाई अजून नाराजच आहेत.

प्रमाणपत्राच्या तपासणीला तिला न्यावंच लागेल ना? सरकारी रुग्णालयातली गर्दी ती कशी सोसेल?

कागदीघोडा :
न्यावं लागतं. दोघांनी जा. एकाने रांगेत उभं राहायचं, दुसऱ्याने तिला घेऊन गाडीत किंवा आवारात झाडाखाली थांबायचं, नंबर आला की फोन. हेडफोन, पाण्याची बाटली, मुंग्यांची वही सोबत. केस पेपर आदल्या दिवशीच काढता येतो का विचारून ठेवा. ती तिथे बोलली नाही तर बोलायला लावू नका, डॉक्टरांना तेही दिसायला हवं. आधारच्या आणि सगळ्या रिपोर्टांच्या झेरॉक्स तीन-तीन घ्या, बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे नेहमी लाइट गेलेली असते.